चॅनल एकतीसच्या चिठ्ठ्या

चॅनल एकतीसला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका काढली. स्टेशनचा इतिहास, म्हणे. पहिल्या पानावर आमच्या चर्चचे पाळक एलिआसार बुस्तियो, दोन्ही हात आभाळाकडे. मग टॉवर. मग नवा स्टुडिओ आणि त्यातले ते जांभळे सोफे. मी दोनदा चाळली. ओतिलिया कास्कोचं नाव एका ओळीतसुद्धा नाही. तेवीस वर्षं ज्या बाईने स्टेशनचा फोन उचलला तिला जागा नाही आणि सोफ्यांना आख्खं पान. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग इतिहास आपणच सांगू.

मी लिसांद्रो. सांता लुसिंदात मला सगळे लिचो म्हणतात. कॅमेरा धरणं, वायरी जोडणं, वादळ होऊन गेलं की टॉवरवर चढणं, ही माझी कामं. ओतिलिया माझ्या आईची लहानपणची मैत्रीण, म्हणून माझी मावशी. सकाळी बसथांब्यावर बालेआदा विकायची. मैद्याची पोळी, आत घोटलेला घेवडा, मलई आणि वर अंडं. तिच्या हातची बालेआदा खाल्ल्याशिवाय सान पेद्रोची पहिली बस सुटायची नाही, आणि हे मी कौतुकाने वाढवून सांगत नाही, ड्रायव्हर खरंच थांबायचा.

शहाण्णव साली पाळकांनी चर्चच्या मंडळीपुढे सांगितलं की प्रभूला या खोऱ्यात दूरदर्शन हवंय. जागा होती त्यांच्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानामागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावायचे ठरलं, आणि मग काय, सगळी मंडळी चार महिने अंडी खात सुटली. मावशीने एकटीने चाळीस पुठ्ठे आणले. टॉवरचे पाइप आम्ही साठ जणांनी खांद्यावरून टेकडीवर नेले, गाणी म्हणत. मी बावीस वर्षांचा होतो. इतका आनंद मला नंतर लग्नातही झाला नाही. बायकोला हे माहीत आहे, ती अजून टोमणे मारते.

मग अठ्ठ्याण्णवचं मिच वादळ आलं. नदी गावात शिरली, रस्ते गेले, नगरपालिकेचा फोन मेला. आमचा टॉवर मात्र उभा राहिला. जनरेटरवर आम्ही तीन दिवस चालू होतो, आणि जिवंत असलेल्यांची नावं वाचत होती ओतिलिया मावशी. कोण कुठल्या शाळेत आहे, कोणाची म्हातारी कोणाच्या माळ्यावर आहे. खात्री केल्याशिवाय एक नाव तोंडातून काढायची नाही. पाळक म्हणायचे, लवकर वाचा, लोक वाट बघतायत. ती म्हणायची, थांबा, आधी त्या माणसाचा आवाज मला ऐकू दे. कॅथलिक लोकसुद्धा आमचं चॅनल लावून बसले होते. दारूच्या गुत्तेवाल्याने टीव्ही बाहेर रस्त्यावर काढून बॅटरीवर लावला होता. चॅनल एकतीसवर जे सांगतात ते खरं असतं, हे खोरं तेव्हापासून धरून चाललं.

पाणी ओसरलं, पण फोन थांबले नाहीत. आता लोक प्रार्थना मागायला लागले. त्यातून ‘दुपारची प्रार्थना’ निघाली, रोज बाराला. पद्धत अशी होती. सकाळी सातपासून मावशी फोन घ्यायची. आधी वहीत टिपून घ्यायची, मग प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी करायची. नाव, वस्ती, दुखणं. चिठ्ठ्या पोळ्यांच्या टोपलीत जायच्या, वर भरतकामाचं फडकं, त्याला गाठ. अकराला टोपली मी पाळकांच्या प्रार्थनेच्या खोलीत न्यायचो. ते अर्धा तास दार लावून टोपलीवर हात ठेवून बसायचे. चिठ्ठी उघडायची नाही, हा नियम. चिठ्ठी देवाला लिहिलेली असते, माणसाने वाचायची नसते. बाराला टोपली तशीच गाठ मारलेली कॅमेऱ्यासमोर यायची. पाळक डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचे. प्रभू मला अमुक वस्तीतलं एक घर दाखवतोय. तिथे एक लेकरू तापाने फणफणलंय. तिथे एक नवरा हात उगारतोय. आणि घराघरात बायका गुडघ्यावर पडायच्या, कारण ते लेकरू त्यांचं असायचं.

अर्धा तास मी दाराबाहेर उभा असायचो. आत कागदांची सळसळ यायची. बायबलची पानं असतील, असं मी स्वतःला सांगायचो. वीस वर्षं सांगितलं. मी काही भोळा नाही, पण ज्या गोष्टीसाठी आपण पाइप वाहिलेत तिच्यावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही.

मावशीच्या पोटातून मात्र एक गोष्ट बाहेर पडायची नाही. कोणाची पोर गरोदर, कोणाचा मुलगा तुरुंगात, सगळं तिला ठाऊक. माझी आई भारी चौकस. ती म्हणायची, अगं, बोलू नकोस, नुसती मान हलव. मावशी मानही हलवायची नाही.

तिचा एकुलता एक मुलगा ओल्विन. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत तो उत्तरेला, मेक्सिकोच्याही पलीकडे कामधंदा शोधायला निघाला. एकोणीस वर्षांचा. आमच्याकडे कोण जात नाही? त्याच्या वर्गातले निम्मे गेले होते. मेक्सिकोतल्या कुठल्याशा गावातून त्याने फोन केला, आई, उद्या मालगाडी पकडतोय. त्यानंतर काही नाही. एक आठवडा, दोन, पाच. मावशी बालेआदा करायची आणि मीठ घालायला विसरायची. ड्रायव्हर मुकाट्याने खायचा. शेवटी एका सकाळी तिने इतरांच्या चिठ्ठ्यांत स्वतःची चिठ्ठी टाकली. तिच्यात काय लिहिलं ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

त्या दुपारी पाळकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "इथे एक आई आहे, अगदी जवळ. प्रभू मला तिचा मुलगा दाखवतोय. लाल चौकड्यांचा शर्ट. तो एका छपराखाली बसून जेवतोय. तो जिवंत आहे." मावशी फोनच्या खोलीत होती. काचेतून मला ती दिसत होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली, पण कशी, तर सुटल्यासारखी. लाल चौकड्यांचा शर्ट तिनेच शिवला होता. निघताना ओल्विनच्या अंगात तोच होता.

ती तिची साक्ष झाली. दरवर्षी चॅनलच्या वाढदिवसाला ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून सांगायची, शर्टाचं मी जिवंत माणसाजवळ बोलले नव्हते, मग पाळकांना कोणी सांगितलं? लोकांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा.

दुसऱ्या वर्षी प्रोग्रेसोहून हरवलेल्यांच्या आयांच्या समितीच्या बायका आल्या. त्यांच्याकडे फॉर्म होते आणि कापूस गुंडाळलेल्या काड्या. गालाच्या आतून थुंकी घ्यायची, मेक्सिकोत बेवारस सापडलेल्या देहांशी ताडून बघायची. मावशीचा नवरा रुफिनोकाका तोंड उघडायला तयार होता. म्हणाला, थुंकीच तर आहे, काय बिघडतंय. मावशी म्हणाली, थुंकीचं नाही. प्रभूने जिवंत म्हटलंय, आपण मेलेल्यांत शोधायला लागलो तर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल. तिने त्या बायकांना कॉफी पाजली आणि रिकाम्या हाताने पाठवलं. मंडळीत आणखी तीन आया होत्या, मुलं अशीच गेलेली. त्यांनाही तिने हेच समजावलं, त्यांनीही काड्या परत केल्या. रुफिनोकाका सोळा साली गेला. शेवटचे दोन महिने तो खाट दाराकडे तोंड करून लावायला सांगायचा.

आता एकोणीस सालचा ऑगस्ट. गुरुवार होता. सकाळी दोनदा वीज गेली, दोन्ही फोन एकदमच वाजत होते, आणि वहीतून चिठ्ठ्या करताना मावशीने दोघांची दुखणी अदलाबदल केली. एल सार्सालच्या एका बाईचे डोळे जात चालले होते. लोमा लार्गातल्या एका माणसाची विहीर आटली होती. मावशीने बाईच्या चिठ्ठीवर विहीर लिहिली आणि माणसाच्या चिठ्ठीवर डोळे. तिच्या ध्यानात आलं तेव्हा टोपली आत गेली होती. मी म्हटलं, दार वाजवून आणू का? ती हसली. म्हणाली, राहू दे. माझ्या घोळाने प्रभूचा थोडाच घोळ होणार आहे?

बाराला पाळकांनी टोपलीवर हात ठेवला. म्हणाले, "प्रभू मला एल सार्सालमधलं एक घर दाखवतोय. त्या घरची विहीर आटलीय."

एल सार्साल नदीला चिकटून आहे. तिथल्या बाया मागच्या दारात बसून नदीत कपडे धुतात. त्या वस्तीत विहीर नाही, कधी नव्हती. स्टुडिओत कोणीतरी जोरात आमेन म्हटलं. मी कॅमेरा धरून उभा. मनात म्हटलं, एकदा होतं असं, माणूस आहे. तेवढ्यात ते म्हणाले, लोमा लार्गात एका भावाच्या डोळ्यांवर पडदा येतोय. मी काचेकडे बघितलं. फोनचा लाल दिवा लुकलुकत होता आणि मावशी तो उचलत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. ती वही मिटून बसली होती. मला वाटलं विहिरीबद्दल बोलेल. ती म्हणाली, "लिचो, ओल्विनच्या शर्टाचं मी कोणाला सांगितलं होतं?"

"कोणालाच नाही, मावशी. तूच तर सांगतेस दरवर्षी."

"चिठ्ठीत लिहिलं होतं," ती म्हणाली. "लाल चौकडी, आणि तो वेळेवर जेवत नाही. दोन्ही मीच लिहिलं होतं."

दहा वर्षं. दहा वर्षं ती बाई उभी राहून सांगत होती की मी कोणाजवळ बोलले नाही, आणि ते तिला मनापासून खरं वाटत होतं, कारण चिठ्ठी म्हणजे सांगणं नव्हेच. देवाशी बोललेलं कोण मोजतं? आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. बाहेरच्या एखाद्याने एका मिनिटात ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पाळकांच्या ऑफिसात गेली. मला बरोबर घेतलं. आरडाओरडा नाही, काही नाही. खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर, आणि विचारलं, "पाळकसाहेब, तुम्ही चिठ्ठ्या वाचता का?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, टोपली तर लिचो आणतो. वाटेत कोण काय करतं ते मी कसं सांगू? माझ्या तोंडात कोणी मारावी तसं झालं. तेवीस वर्षं ज्या माणसासमोर कॅमेरा घेऊन उभा राहिलो, त्याने मला असं पुढे ढकललं. मी काही बोलणार, तेवढ्यात मावशीने हाताने गप्प केलं.

"लिचोला मध्ये आणू नका. माझ्या ओल्विनची चिठ्ठी तुम्ही वाचली होती का, एवढंच सांगा."

 मग त्यांचा आवाज मऊ झाला, कॅमेऱ्यासमोर होतो तसा. म्हणाले, "ओतिलियाताई, प्रभू तुमच्या अक्षरातूनही माझ्याशी बोलू शकतो. तुम्ही पाच आठवडे झोपला नव्हता. त्या दिवसापासून तुम्ही झोपायला लागलात. मी तुम्हाला झोप दिली, हे पाप झालं का?"

"मला झोप नको होती," मावशी म्हणाली. "मला मुलगा हवा होता. तुमच्या झोपेपायी मी त्याला शोधला नाही."

ती उठली आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला. मी म्हटलं, मावशी, मीपण सळसळ ऐकत होतो गं. ती म्हणाली, माहीत आहे. काचेतून मला तुझं तोंड दिसायचं.

सोमवारी पाळकांनी चॅनलवर सांगितलं, आपली ओतिलियाबहीण थकलीय, तिच्या विश्वासाची कसोटी चाललीय, सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करा. कोणीतरी तिच्या नावाची चिठ्ठी टाकली म्हणे टोपलीत. ते ऐकून मी कॅमेऱ्याची वायर काढली, गुंडाळून ठेवली आणि घरी आलो. त्या स्टेशनात परत पाऊल टाकलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं बसने प्रोग्रेसोला गेलो. समितीची ग्रिसेल्दाबाई तीच, नऊ वर्षांपूर्वी कॉफी पिऊन रिकामी गेलेली. एका शब्दाने तिने उणंदुणं काढलं नाही. मावशीने तोंड उघडलं, तिने काडी फिरवली, पाकिटावर नाव लिहिलं. आख्खं काम दोन मिनिटांचं होतं. बाहेर येऊन मावशी फुटपाथवरच बसली आणि म्हणाली, दोनच मिनिटं लागतात रे. रुफिनो म्हणत होता.

परत आल्यावर ती त्या तीन आयांकडे गेली. मी चुकले, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, काडी द्या, मी बरोबर येते. विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. दोघी रडल्या, मग तयार झाल्या. तिसरी डेल्मी, तिचा मुलगा होसुए आठ साली गेलेला, तिने पाटावर बसवून घेतलं, सगळं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मावशी दर शनिवारी जात राहिली. डेल्मी कधी दार उघडायची, कधी नाही.

दीड वर्ष गेलं, त्यात साथीमुळे सगळंच बंद. एकवीसच्या मार्चमध्ये ग्रिसेल्दाबाई स्वतः आली, आणखी दोन बायकांना घेऊन, म्हणजे काय ते कळलंच. ओल्विन सापडला होता. मालगाडीच्या रुळांजवळ, शेवटच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी. नगरपालिकेच्या दफनभूमीत नुसत्या आकड्याच्या खड्ड्यात पुरलेला. बारा साली त्या सगळ्या खड्ड्यांतली हाडं तपासून नोंद करून ठेवलेली होती. तेव्हापासून ती हाडं फक्त आईबापाच्या थुंकीची वाट बघत होती. मावशीने बोटांवर हिशेब केला. पाळक त्याला छपराखाली जेवताना बघत होते तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता. आणि बारा साली रुफिनोकाका चांगला हिंडताफिरता होता, मुलाला स्वतःच्या हाताने माती दिली असती. हे ती मोठ्याने बोलली नाही, पण ‘बारा साली’ एवढं तीनतीनदा म्हणाली.

लहानशी पेटी आली. दफनाला गाव लोटलं. मंडळीचे निम्मेच आले, तेही मागे मागे. पाळकांनी फुलांचं चक्र पाठवलं होतं, ते मी फाटकाबाहेर काढून ठेवलं, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. माती ओढून झाल्यावर सगळे पांगायला लागले, तेव्हा डेल्मी पुढे आली. अंगावर रविवारचे कपडे, हातात बायबल. मला वाटलं, आता मावशीला मिठी मारेल. आता विचारेल, ती काडी कुठे देतात.

डेल्मी म्हणाली, "ओतिलिया, तू शंका घेतलीस. दहा वर्षं तुझा पोरगा जिवंत होता, तू तोंड उघडून थुंकी दिलीस तिथे तो मेला. माझा होसुए जिवंत आहे. मी त्याला मारणार नाही."

आणि ती वळून चालायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओल्या मातीसमोर, आईच्या तोंडावर असं बोलायचं? मी तिच्या मागे धावणार होतो, तिला चार शब्द सुनवायचेच होते. मावशीने माझी बाही धरली.

"जाऊ दे तिला, लिचो," ती म्हणाली. "हे तिला पाळकांनी नाही शिकवलं. तिच्या अंगणात बसून मीच शिकवलंय."